तलावाकाठचा मुक्काम : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

तलावाकाठच्या गावात सुट्टी घालवायला निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. तिथे काय काय करता येईल, असं बहुतेकांनी विचारलं आहे. त्याआधी कोणत्या वेळी आणि कोणत्या काठावर, हे ठरवायला हवं. एकाच तलावाचं पाणी पहाटे एक वागतं आणि दुपारी तीनला दुसरंच. म्हणून खालच्या उत्तरांत वेळ आणि वारा पुन्हा पुन्हा येतील.

प्रश्न : आम्ही चौघं दोन दिवसांसाठी जाणार आहोत. होडी, पोहणं, पक्षी, गळ टाकणं आणि काठाने फेरफटका, असं सगळं करायचं आहे. क्रम कसा लावावा?

उत्तर : वाऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे लावा. सूर्य वर आला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा वर चढते आणि तिच्या जागी पाण्यावरची गार हवा काठाकडे सरकते. मोठ्या तलावावर हा वारा सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि ऊन उतरलं की मंदावतो. त्यामुळे उजाडताना पक्षी आणि फोटो, त्यानंतरचे दोन-तीन तास वल्ह्याची होडी किंवा कयाक (एक-दोघांची अरुंद, हलकी होडी). पाण्याचा वरचा थर दुपारनंतर सर्वांत उबदार असतो, म्हणून पोहणं तेव्हा. पण आखून दिलेल्या जागेत आणि काठाजवळच. गळ संध्याकाळी. शिडाची होडी शिकायची असेल तर मात्र तिला वारा लागतो, तिच्यासाठी दुपारच बरी.

बहुतेक पाहुणे दुपारी पोहोचतात, सामान टाकतात आणि थेट होडीकडे धावतात. नवख्या माणसाने पाण्यात जायची ती सर्वांत वाईट वेळ. पहिली दुपार काठाने चालण्यासाठी ठेवा. फेस, काटक्या आणि शेवाळ कोणत्या काठाला साचलंय ते पाहा, म्हणजे वारा बहुतेक वेळा कुठून कुठे वाहतो ते कळतं. गावातली माणसं कुठून पाण्यात उतरतात आणि कुठून मुळीच उतरत नाहीत, हे पाहा आणि विचाराही. तलाव धरणाचा असेल तर सांडवा, दरवाजे आणि पाणी खेचणारा मनोरा यांच्यापासून होडीतसुद्धा दूर राहायचं. तिथली ओढ वरून दिसत नाही.

प्रश्न : होडीवाले देतात ती लाइफ जॅकेट फार जुनी दिसतात. त्यात नेमकं काय तपासायचं?

उत्तर : आतल्या बाजूचं लेबल आधी वाचा. त्यावर तरंगवण्याच्या ताकदीचा न्यूटनमध्ये आकडा आणि किती वजनाच्या माणसासाठी आहे ते छापलेलं असतं. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्या माणसासाठी, शांत पाण्यासाठी आणि मदत जवळ असताना वापरायचं असतं. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच, असं नाही. पोहता येत नसेल तर किमान १०० न्यूटनचं मागा. लेबल वाचता येत नसेल तर फोम चिमटीत दाबा. तो पुन्हा फुगत नसेल, कडक झाला असेल किंवा त्याचे तुकडे पडत असतील, तर ते जॅकेट परत करा. बसायला गादी म्हणून वापरलेल्या जॅकेटांचा फोम असाच चेपतो.

मग माप. सगळे बक्कल लावून पट्टे घट्ट करा, दोन्ही हात वर करा आणि दुसऱ्याला जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटी किंवा कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यातही तसंच सरकेल आणि माणूस त्यातून खाली निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाला 'घट्ट बांधून' चालत नाही.

होडीत किती माणसं बसवायची तो आकडा तिच्यावर लिहिलेला असतो. तो पुसला गेला असेल तर सगळे बसल्यावर होडीची कड पाण्यापासून किती वर राहते ते बघा. वीतभरही उरत नसेल तर माणसं कमी करा. चढताना एकेकाने, वाकून, होडीच्या मधोमध पाऊल ठेवून लगेच बसायचं. तलावाच्या मध्यावर जागा बदलायच्या नाहीत. फोटोसाठी सगळे एका बाजूला झुकले की होडी उलटायला लाट लागत नाही.

प्रश्न : मी आणि माझी बहीण पहिल्यांदाच कयाक चालवणार आहोत. दोघींना पोहता येतं. काय शिकून जावं?

उत्तर : भाड्याने घेताना वर उघडी बैठक असलेली कयाक मागा. तिच्यात आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं आणि उलटल्यावर परत चढणं सोपं असतं. आत पाय घालून बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि नवख्याला ती मध्यावर रिकामी करता येत नाही.

वल्हं साधारण २२० ते २४० सेंटिमीटरचं असतं; कयाक रुंद असेल तर लांबीकडचं घ्या. पकड ठरवायला वल्हं डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपर काटकोनात आले की हात योग्य अंतरावर आहेत. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी, नवखे लोक ती हमखास उलट धरतात. पाठ सरळ, टाचा पायटेकूवर, गुडघे थोडे वाकलेले. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालायचं, कंबरेपासून धड वळवत मागे आणायचं आणि नितंबापाशी आलं की बाहेर काढायचं. त्याहून मागे ओढत राहिलात तर वेग वाढत नाही, उलट कयाकचं नाक वळत राहतं. अर्ध्या तासात खांदे दुखायला लागले तर समजा, धड वळत नाहीये, सगळं काम हात करताहेत.

आता दिशा. निघताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं, म्हणजे थकून परतताना वारा पाठीशी असतो. सर्वांत फसवा वारा काठाकडून तलावाच्या आत वाहणारा. झाडं-टेकड्यांच्या आडोशामुळे काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं, दोनशे मीटर आत गेलं की तोच वारा तुम्हाला समोरच्या काठाकडे ढकलायला लागतो. हवा भरलेल्या ट्यूब, गाद्या आणि खेळण्यातल्या बोटी अशा वाऱ्यात वल्ह्याला जुमानत नाहीत. त्या तलावासाठी नाहीतच. लाटांच्या माथ्यावर इकडेतिकडे पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात पोहोचला, असं समजा. पहिल्या दिवशी तेवढ्यावरच काठाला लागा. जिकडेतिकडे फेस दिसू लागला तर तो २० च्या पुढे गेला. नवख्यांचा आरामशीर वेग ताशी ३ ते ५ किलोमीटर, आणि पाण्यावरून समोरचा काठ असतो त्यापेक्षा नेहमी जवळ वाटतो. म्हणून तलाव ओलांडायचा बेत करू नका, काठाला धरून जा. तासाभराची कयाक असेल तर विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला नाक फिरवा.

उलटलात तर कयाक सोडायची नाही. पोहून काठ गाठायचा मोह होतो, पण पाण्यातलं एक डोकं लांबून दिसत नाही, रंगीत कयाक दिसते. कयाक पालथी असेल तर तळावरून हात टाकून पलीकडची कड धरा आणि स्वतःकडे ओढून सुलटी करा. मग मधोमध येऊन दोन्ही कडांवर हात ठेवा, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत जोरात मारा आणि पोटावर घसरत कयाकवर आडवे व्हा. तिथून कूस बदलून आधी बूड बैठकीत, मग पाय आत. पाय खाली लोंबकळत ठेवून फक्त हातांनी वर चढायचा प्रयत्न केला की कयाक पुन्हा अंगावर येते, चूक नेहमी इथेच होते. पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात हे दोन-तीनदा मुद्दाम करून पाहा. तुमची बहीण तेव्हा तिच्या कयाकमधून तुमची कयाक धरून ठेवू शकेल. दोन कयाक एकमेकींना चिकटल्या की दोन्ही स्थिर होतात. शिट्टी जॅकेटला बांधलेली असू द्या, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत हवी.

प्रश्न : उभं राहून वल्हवायची फळी शिकायला किती अवघड?

उत्तर : शांत पाण्यात तासाभरात जमते. फुगवायची फळी असेल तर तिच्यावर लिहिलेला दाब भरा. तो बहुधा १२ ते १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. कमी भरली तर मधोमध वाकते आणि तोल जातो. फुगवून उन्हात ठेवली तर आतली हवा प्रसरण पावून शिवण सुटू शकते. मागचा पंख लावल्याशिवाय ती सरळ जात नाही. वल्ह्याचं पातं दांड्यापासून पुढे झुकलेलं हवं, मागे नाही. आधी गुडघ्यांवर बसून वल्हवा, मग मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय समांतर ठेवून उभे राहा आणि नजर पायांकडे नको, क्षितिजाकडे ठेवा. पडायचं ते फळीपासून लांब, पाठीवर किंवा कुशीवर, सपाट. डोकं पुढे करून नाही. घोट्याचा दोर काढू नका, वारा असेल तर मोकळी फळी तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते.

प्रश्न : मुलांना जेट स्की आणि मोटारबोटीचं फार आकर्षण आहे. धोका नेमका कशात?

उत्तर : जेट स्कीला सुकाणू नसतं, पाण्याच्या फवाऱ्यानेच ती वळते. समोर काही आलं म्हणून घाबरून थ्रॉटल (वेग वाढवणारी कळ) सोडला की फवारा थांबतो आणि वळण्याची ताकदही जाते. ती सरळच जात राहते. काही नव्या मॉडेलमध्ये यावर उपाय केलेला असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. हे सांगितल्याशिवाय जो चालवायला देतो, त्याच्याकडून घेऊ नये. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली हवी. मोटारबोटीत इंजिन चालू असताना मागच्या पायरीवर बसणं किंवा तिला धरून तरंगणं टाळा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : पाणी हिरवट दिसतं. पोहावं का?

उत्तर : हिरवटपणा कोणता, यावर ते अवलंबून आहे. काठी बुडवून वर काढा. काठीवर केसांसारखे लांब तंतू लोंबत असतील, तर ते साधं तंतुमय शेवाळ, बहुधा निरुपद्रवी. काठीला हिरवा रंग फासल्यासारखा लेप आला तर निळ्या-हिरव्या जिवाणूंची दाट वाढ असण्याची शक्यता आहे. खात्रीसाठी पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवं वर तरंगून थर धरत असेल तर संशय पक्का, खाली बसलं तर दुसरं काही. हा थर वारा जिकडे ढकलतो त्या काठाला जमतो, त्यामुळे एक काठ स्वच्छ आणि दुसरा हिरवा असं दिसू शकतं. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. अंगावर पुरळ, उलट्या, जुलाब होतात. कुत्रे तर अंग चाटतात, त्यांच्या जिवावर बेतू शकतं. पाणी उकळून हे विष जात नाही, म्हणून तसलं पाणी स्वयंपाकालाही नको.

पाणी स्वच्छ दिसलं तरी मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा, काठावरची सगळी घाण तोपर्यंत तलावात आलेली असते. अंगावर उघडी जखम असेल तर उतरू नका. खूप तापलेल्या, उथळ, साचलेल्या पाण्यात मेंदूला संसर्ग करणारा अमीबा असू शकतो. असा संसर्ग अत्यंत दुर्मीळ आहे, पण जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. तो नाकातून शिरतो, पाणी गिळल्याने नाही. म्हणून अशा पाण्यात डोकं बुडवू नका, तळाचा गाळ ढवळू नका आणि नाकाला चिमटा लावा.

खोलीबद्दल डोळ्यांवर विसंबू नका. वरून पाहताना पाणी खऱ्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांशच वाटतं: २ मीटरवरचा तळ दीड मीटरवर दिसतो. मुलाचे पाय टेकतील असं वाटतं ते इथेच चुकतं. दुसरीकडे, सूर मारणाऱ्याला गढूळ पाण्यातला दगड किंवा बुडालेलं खोड दिसतच नाही, आणि मान मोडते. स्वतः उतरून तपासलेल्या, किमान २.७ मीटर खोल जागेशिवाय सूर मारायचा नाही.

उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असलं तरी काही मीटर खाली एकदम गार थर असतो. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणी फुप्फुसात जातं. पहिलं मिनिटभर पोहू नका. पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात आला की मग हालचाल. पाणवेलीत पाय अडकला तर झटके देऊ नका, ती आणखी गुंडाळते. आडवे होऊन हातांनी हळूहळू मागे सरका आणि वेल पायावरून मोजा काढावा तशी सोडवा.

प्रश्न : नातवंडं काठाजवळच खेळतील. काठावर बसून लक्ष ठेवलं तर पुरे ना?

उत्तर : पोहता न येणाऱ्या लहान मुलापासून हाताच्या अंतरावर असायला हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तर हाक कशी मारणार? तोंड पाण्याच्या पातळीला वर-खाली होतं, डोकं मागे कललेलं, शरीर उभं, पाय मारणं थांबलेलं, हात बाजूला पाणी दाबत असलेले. हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. मोठी माणसं जास्त असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा आणि पाळीवर असलेल्याच्या हातात फोन नको.

कोणी बुडत असेल तर आधी काठी, वल्हं, ओढणी पुढे करा, स्वतः काठावर आडवे पडून. ते पुरत नसेल तर दोर किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू फेका. दोर माणसाच्या डोक्यावरून पलीकडे फेकायचा, म्हणजे तो ओढताना हाताशी येतो. बाहेर काढलेल्याचा श्वास बंद असेल तर आधी तोंडाने ५ श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा. मोठ्या माणसात दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. रुग्णवाहिकेला फोन दुसऱ्याने लगेच करायचा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या.

प्रश्न : गळाला काहीच लागत नाही. सामान तर चांगलं घेतलं होतं.

उत्तर : आधी परवानगी आहे का ते पाहा. नंतर गळ बघा, बहुधा तो फार मोठा असतो. साध्या फ्लोटच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या) मासेमारीसाठी ३-४ किलो वजन पेलणारी दोरी आणि ८ किंवा १० नंबरचा गळ पुरतो. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. शिसं इतकंच लावा की फ्लोटचं फक्त टोक पाण्यावर राहील. हलकं लावलं तर माशाला फ्लोट ओढायला जोर लागतो आणि तो आमिष सोडून देतो. रिकाम्या गळाला वजन बांधून आधी खोली मोजा, मग आमिष तळापासून १०-१५ सेंटिमीटर वर राहील असं फ्लोट सरकवा. ज्या काठावर वारा येऊन आदळतो तिथे खाद्य जमतं आणि मासेही. पाणी ढवळलेलं दिसतं म्हणून लोक नेमका तोच काठ टाळतात. मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. तुटलेली दोरी काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात ती अडकते.

प्रश्न : पक्षी बघायला दुर्बीण कोणती आणि उभं कुठे राहावं?

उत्तर : ८×४२, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १० पटीची दुर्बीण हातात आणि होडीत जास्त हलते. सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभे राहा आणि पश्चिमेकडे बघा, सूर्य पाठीशी राहतो, संध्याकाळी उलट. पक्ष्यांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या आणि ते एकत्र सरकू लागले तर तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथेच थांबा. लव्हाळ्यात होडी घुसवू नका. काही पाणपक्ष्यांची घरटी तरंगती असतात आणि लाटेनेही अंडी बुडतात.

प्रश्न : अगदी पाण्याला लागून तंबू ठोकला तर चालेल का?

उत्तर : नको. पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे सुमारे ७० पावलं मागे या. काठावर दव जास्त पडतं, डास जास्त असतात आणि प्राण्यांची पाणी प्यायची वाट अडते. खळगाही टाळा, गार हवा रात्री तिथेच उतरते. धरणाच्या तलावात पाणी रातोरात वाढू शकतं. काटक्या-कचऱ्याची जुनी रेघ कुठवर आहे ते पाहून तिच्या वर राहा. तंबूची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून पाणी होऊन ठिबकते. भांडी तलावात धुऊ नका, पाणी दूर आणून धुवा, साबण कोणताही असो. पिण्याचं पाणी खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर ३ मिनिटं.

प्रश्न : ढग आले, पण पाऊस नाही. होडी परत आणावी का?

उत्तर : पहिला गडगडाट ऐकताच. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर, आणि तेवढ्या लांबूनही वीज तुमच्यावर पडू शकते. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जा. तंबू, एकटं झाड आणि धातूचा धक्का हे आसरे नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात परतू नका.

प्रश्न : तलावात पडलेलं डोंगराचं प्रतिबिंब फोटोत फिकं येतं.

उत्तर : लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर तो काढा किंवा फिरवा, तो चकाकीबरोबर प्रतिबिंबही पुसतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात बघत असाल तर तो सर्वांत जास्त पुसतो. काठावर बसून कॅमेरा पाण्याच्या जवळ न्या. नजर जितकी पाण्याला समांतर होते तितकं प्रतिबिंब ठळक होतं. प्रतिबिंब खऱ्या डोंगरापेक्षा नेहमी थोडं काळवंडलेलं असतं, तेव्हा उजेड डोंगरावर मोजा, पाण्यावर नाही. पाण्यावर मोजलात तर वरचं आकाश पांढरंफटक पडेल. आणि हे सगळं पहिला वारा सुटायच्या आत.